सुतकाचं पाणी

मासे नसलेली टाकी घरात सहा आठवडे चालू ठेवायची, रोज तिचं पाणी तपासायचं, आणि कोणी विचारलं तर सांगायचं की अजून तयार होतंय. आमच्या सुभानपुऱ्याच्या बिल्डिंगमध्ये या गोष्टीवरून लोक मला हसले. हसू द्या. त्यांचा मला राग नाही. ज्यांचा आहे त्यांचं सांगतो.

मी सातवी शिकलेला माणूस. कोयलीच्या बाजूला एका कारखान्यात सांडपाण्याच्या प्लांटवर नोकरी केली आणि तिथूनच रिटायर झालो. आमचं काम एका मोठ्या हौदाचं. त्यात खालून हवा सोडायची, आणि पाण्यात जिवाणू असतात ते कारखान्याची घाण खातात. आम्ही त्यांना किडे म्हणायचो. दिसत काही नाही, नुसता तपकिरी गाळ दिसतो. पण हौद नवा भरला की पहिल्या दिवशी घाण सोडून चालत नाही. आधी शेण कालवून टाकायचं, गूळ टाकायचा, थोडा युरिया, आणि थांबायचं. गाळ धरला की मग थोडी थोडी घाण सोडायची. नवीन इंजिनियर यायचे, घड्याळ बघायचे, विचारायचे, कधी होणार? आम्ही सांगायचो, साहेब, होईल तेव्हा होईल, हे काय बटण दाबायचं काम आहे का.

हे सगळं आधी सांगतोय कारण हेच माझं मला नडलं.

माझी बायको वेंगुर्ल्याकडची, समुद्राला लागून घर. लग्न होऊन बडोद्याला आली ती इथलीच झाली. पण बिल्डिंगमध्ये मासे खाणारे आम्ही एकटे. सगळी शेजारीण मंडळी चांगली, कोणी कधी तोंडावर बोललं नाही, तरी ती मासे करायची ते खिडक्या लावून. आम्हाला मूलबाळ नाही. घरात दोघंच, तिची बडबड आणि माझा टीव्ही.

मग तिचं हृदय दमलं. सयाजीगंजात एका डॉक्टरकडे महिन्याला जायचो. त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक काचेची टाकी होती. त्या वर्षांत बडोद्यात अशा गोष्टी नवीन नवीन यायला लागल्या होत्या, मॉल, पिझ्झा, थंड हवेची दुकानं, तशीच ही टाकी. आत दोन मासे. केशरी, अंगावर पांढरे पट्टे, बोटाएवढे. ही बाई तिथे नाक काचेला लावून बसायची.

"हे गोड्या पाण्याचे नाहीत हो," मला म्हणाली. "समुद्राचे आहेत. बघा कसे हलतात."

"मासा हलणारच. काय नाचेल?"

"तुम्हाला काय कळतंय. गटारात आयुष्य गेलं तुमचं."

आत नाव पुकारलं तरी उठेना. डॉक्टरांनी त्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, सहा महिने, वर्ष, नक्की काही सांगता येणार नाही. मी बाहेर आलो आणि तिला म्हटलं, चल, तुला टाकी घेऊ. बाईला कळलं असणार. एरवी मी एक पातेलं घ्यायला तीन दुकानं फिरवणारा माणूस.

सयाजीगंजातच, स्टेशनकडच्या एका गल्लीत माशांचं दुकान होतं. दुकानदार गुजराती, चाळिशीचा, गिऱ्हाइकाला दटावून बोलायचा. मी म्हटलं, टाकी दे, पाणी दे, मासे दे, आजच्या आज लावून टाक. तो म्हणाला, "काका, उतावळ नथी करवानी. मासे दीड महिन्याने."

मला वाटलं हा फसवतोय. मग त्याने समजावलं. अर्धं गुजराती, अर्धं हिंदी. मासा हगतो-मुततो, त्यातून अमोनिया होतो, तो त्याच पाण्यात राहिला तर मासा गुदमरून मरतो. पाण्यात, म्हणजे खरं दगडांवर आणि वाळूवर, असे जिवाणू वाढवावे लागतात जे अमोनिया खातात. त्यातून दुसरं विष होतं, नायट्राइट. ते खाणारे जिवाणू वेगळे, ते आणखी उशिरा वाढतात. दोन्ही जमले की मग मासा. तोवर रिकाम्या टाकीत काहीतरी कुजवायचं, म्हणजे जिवाणूंना खायला मिळेल.

मी म्हटलं, हे तर आमच्या हौदाचंच काम आहे. आणि घरी येईपर्यंत रिक्षात तिला सगळं सांगत बसलो. शेण, गूळ, गाळ, इंजिनियरची घाई. मोठा मास्तर झालो होतो. तोंड बंद ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

टाकी आली. खिडकीपासून लांब, टीव्हीच्या शेजारी ठेवली. आरओ मशीनचं पाणी दोन दिवस साठवलं, त्यात परदेशी मिठाची पिशवी कालवली. खारेपणा मोजायला दुकानदाराने काचेची नळी दिली होती. मी चष्मा लावून नळीतला आकडा शोधतोय, तर हिने पाण्यात बोट घालून जिभेला लावलं.

"कमी आहे. अजून दोन मुठी."

नळीनेही तेच सांगितलं. दोन मुठी टाकल्यावर नळी बरोबर जागी आली. ती माझ्याकडे बघून हसली पण नाही. नुसती हात पुसत आत गेली.

कुजवायला दुकानदाराने ताजी कोलंबी सांगितली होती. हिने माळ्यावरून आपला सोड्यांचा डबा काढायला लावला. माहेरहून आलेली वाळवलेली कोलंबी, तिचा जीव त्या डब्यात. माझ्या ताटात मोजून पडायची. त्यातले सहा सोडे तिने एका जुन्या पायमोज्यात बांधले आणि टाकीत सोडले. चार दिवसांनी वास सुटला. समोरच्या बेन दारात आल्या, "मासी, गटर ऊभराय छे के शुं?"

"हो ना," ही म्हणाली, "गटार तुंबलंय कालपासून. मी यांना सांगतेय कोणाला तरी बोलवा म्हणून."

दार लावून हसत बसली. दम लागेपर्यंत हसली, मग मला तिची पाठ चोळायला लागली.

पाणी तपासायचं काम तिचं. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग बघायचा. अमोनिया असेल तर हिरवं, नसेल तर पिवळं. नायट्राइट असेल तर जांभळं, नसेल तर आभाळी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात ती रंग लिहायची. तिच्या भाषेत. कैरी. तोंडलं. पालक. मग एके दिवशी लिंबू, म्हणजे अमोनिया खाणारे आले. आणि त्याच आठवड्यापासून दुसऱ्या ओळीत वांगं. वांगं, वांगं, वांगं. दगडांवर तपकिरी साय धरली. मला ती ओळखीची. मी म्हटलं, धरतंय बरं का. ती म्हणाली, मला दिसतंय.

पण मला दुसरंही दिसत होतं. तिच्या पायांना सूज यायला लागली होती. उशीला उशी लावून बसून झोपायची. न्हाणीघरापर्यंत जाऊन आली की खुर्चीत डोळे मिटून राहायची. कॅलेंडरवर वांगं आणि माझ्या डोक्यात डॉक्टरचे सहा महिने. मला घाई झाली. त्या नव्या इंजिनियरांसारखी. एका दुपारी ती झोपलेली बघून मी रिक्षा केली आणि दुकानात गेलो. म्हटलं, दोन केशरी दे. पाणी तयार झालं.

"काकीने पूछ्युं'तुं?" दुकानदार म्हणाला. काकीला विचारलंत का म्हणून.

"काकीनेच पाठवलंय."

त्याने पिशवीत पाणी भरून, वर हवा भरून दोन मासे दिले. मी घरी आलो, पिशवी तिच्यासमोर धरली. ती खूप वेळ बघत राहिली. मला वाटलं, झालं, जमलं. मग म्हणाली, "परत देऊन या."

"अगं, दोन मासे आहेत. एवढ्या पाण्यात त्यांना काय होतंय."

"काल वांगं होतं. आजही वांगंच आहे."

"मग रोज थोडं पाणी बदलू."

"तुम्हीच सांगितलंत ना रिक्षात? गाळ धरल्याशिवाय घाण सोडायची नाही. मला बघायचेत म्हणून त्यांनी गुदमरायचं?"

मी ओरडलो. होय, आजारी बाईवर ओरडलो. म्हटलं, तुला वेळ आहे का? तुला कळत नाही का तुला वेळ नाही ते? एवढे दिवस जे दोघंही बोलत नव्हतो ते बोललो. तिने माझ्याकडे बघितलं आणि आपल्या बोलीत म्हणाली, "आधी घर व्हया, मगे मासो." चिडली की ती मालवणीत जायची, आणि मालवणीत गेली की पुढे वाद नसायचा.

मांडीवर माशांची पिशवी घेऊन परत सयाजीगंजापर्यंत गेलो. रिक्षावाला आरशातून बघत होता. दुकानदाराने पिशवी घेतली. एक शब्द बोलला असता तर त्याचं दुकान मी फोडलं असतं.

त्यानंतर दहा-अकरा दिवसांनी ती गेली. सकाळी. मी चहा घेऊन आलो तर खुर्चीत होती, टाकीच्या समोर, आणि नव्हती. आदल्या दिवशीच्या चौकोनात लिहिलेलं होतं, "वांगं उतरतंय. फिकट." आणखी तीन-चार दिवस. जास्तीत जास्त आठवडा. बाईने दीड महिना नुसतं पाणी आणि दगड बघितले. मला आजही या गोष्टीचा राग येतो. तिचा येतो. शहाणपणा करायला हीच जागा सापडली होती तिला.

कराडहून माझी मोठी बहीण आली. आक्का. पंचाहत्तरीची बाई, एसटी आणि रेल्वे बदलून आली, आणि आल्या आल्या घर हातात घेतलं. मला जेवू घातलं, आल्यागेल्याला पाणी दिलं, भटजींची यादी केली. मी टाकीसमोरच्या खुर्चीत बसून असायचो. मोटर चालू होती, पाणी फिरत होतं. नळ्या मी हातात घेतल्या नाहीत. पण मला एक माहीत होतं, त्या दगडांवरचं जे आहे ते तिने धरवलेलं आहे. तिच्या सोड्यांवर वाढलंय, तिने रोज राखलंय. घरातल्या सगळ्या वस्तू तिच्या होत्या, पण जिवंत अशी हीच एक होती. दिवस झाले की मासे आणायचे, तिच्याच पाण्यात सोडायचे, एवढं मी ठरवलं होतं.

आमच्यात अकराव्या दिवशी सुतक फिटतं. घर धुतात. सुतकात साठलेलं पाणी घरात ठेवत नाहीत, पिंप, हंडे, कळशा, सगळं ओतून घासून नवं भरतात आणि गोमूत्र शिंपडतात. त्या दिवशी मी विधीला बाहेर गेलो होतो. दुपारी घरी आलो, तर टाकी कोरडी. काच लख्ख. वाळू धुऊन परातीत पसरलेली. आणि गॅलरीत जुन्या लुगड्यावर दगड वाळत घातलेले, पांढरेशुभ्र, जसे कुरडया वाळत घालाव्यात.

"किती घाण धरली होती रे त्यांना," आक्का म्हणाली. "सोड्यात उकळले तेव्हा सुटली."

धुण्याच्या सोड्यात. उकळून.

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. बिल्डिंगने ऐकलं. मी म्हटलं, तू तिला दुसऱ्यांदा मारलंस. माझ्या थोरल्या बहिणीला, जिने मला कडेवर खेळवलं तिला, मी म्हटलं, तुझी पिशवी भर आणि चालती हो. तिने पिशवी भरली. मी विचारलं नाही तिकीट आहे का, कोण सोडायला जाणार. समोरच्या बेननी तिला स्टेशनवर नेलं. तेराव्याला आक्का नव्हती.

सहा महिने मी तिच्याशी बोललो नाही. तिचा फोन आला तर उचलून खाली ठेवायचो. नातेवाइकांना सांगायचो, तिने माझ्या बायकोचं पाणी ओतलं. अर्ध्यांना कळायचं नाही मी कशाबद्दल बोलतोय. ज्यांना कळायचं ते म्हणायचे, जाऊ द्या हो, पाणीच ते. त्यांच्याशीही बोलणं सोडलं.

आता यातली खरी गोष्ट. मी ती विसरलो होतो असं नाही, खोटं कशाला लिहू. त्या सकाळी विधीला निघताना मी चपला घालत होतो. आक्का आतून आली आणि विचारलं, "सगळं पाणी काढते हं घरातलं. या काचेच्या पेटीतलं पण काढू ना?" तिने बोट दाखवून विचारलं. मी पेटीकडे बघितलं. आणि म्हटलं, "काढ सगळं."

का म्हटलं ते मला सांगता येत नाही. डोकं जागेवर नव्हतं म्हणा. किंवा होतं, आणि त्या टाकीचाच राग होता म्हणा, टाकीपायी बायकोने मासे बघितले नाहीत म्हणून. दोन्ही खरं असेल. पण शब्द माझे होते. आक्काने विचारून केलं होतं. मी तिला शिव्या देत असताना ती मध्ये एकदाही म्हणाली नाही की तूच सांगितलंस.

पाचव्या महिन्यात मी दुकानदाराकडे गेलो. दगड पिशवीतून नेले. त्याने एक हातात घेऊन नखाने खरवडला.

"उकाळ्या?"

"हो."

"तो बधुं गयुं, काका. फरीथी." म्हणजे सगळं गेलं, पुन्हा पहिल्यापासून.

मला वाटलं होतं एखाद्या भोकात, एखाद्या फटीत तिचं काही राहिलं असेल. हौद बंद पडला की आम्ही तळाचा गाळ राखून ठेवायचो, तेवढ्यावर परत धरायचा. इथे तळसुद्धा धुतलेला. मिठाची नवी पिशवी घेतली आणि घरी आलो.

पाणी कालवलं. नळी घेतली नाही. बोट घालून जिभेला लावलं. मला काही कळलं नाही. नुसतं खारट. मग नळी घेतली. कुजवायला काय घालावं म्हणून उभा होतो, तेव्हा माळ्यावरचा डबा आठवला. आक्काच्या हाताला तो लागला नव्हता. उघडला तर तळाशी नऊ सोडे. मोजले. सहा पायमोज्यात बांधले आणि पाण्यात सोडले. तीन ठेवले.

नवं कॅलेंडर होतं. मला भाज्यांची नावं लिहायला लाज वाटली, म्हणून पहिले दोन दिवस हिरवं असंच लिहिलं. तिसऱ्या दिवशी तोंडलं लिहिलं. मग तसंच चालवलं. वास सुटला, बेन दारात आल्या. मी म्हटलं, गटर नथी, बेन. कोलंबी कुजवतोय. त्या म्हणाल्या, "मासी पण ए ज करतां'तां ने?" मावशीही हेच करायच्या ना, म्हणजे त्यांना तेव्हाही माहीत होतं. मी म्हटलं, हो. त्यांनी पदर नाकाला लावला आणि आत येऊन टाकी बघून गेल्या.

वांगं सुरू झालं, महिनाभर उतरेना. रोज थेंब टाकायचे आणि रोज राग यायचा. एवढं दिवसाला दहा मिनिटांचं काम. एवढ्यासाठी तिने आपले दिवस दिले. बेचाळिसाव्या दिवशी नळी आभाळी झाली. अमोनिया लिंबू. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी तेच. आता फक्त मासे आणायचे होते. आणि मी जाईना. खुर्चीत बसून राहिलो. ते पाणी तयार होतं पण त्यावर एक खोटं बसलेलं होतं, आणि तिला असल्या बाबतीत मी घाई केलेली चालत नसे.

कराडला फोन लावला. आक्कानेच उचलला.

मी म्हटलं, "त्या दिवशी तू विचारलं होतंस. मीच काढ म्हणालो."

"माहीत आहे," ती म्हणाली. "मी होते ना तिथे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलू देत होतास का? आणि काय बोलायचं होतं, तुझी बायको गेलेली." मग म्हणाली, "पण चालती हो म्हणालास ते मी विसरणार नाही हां."

"विसरू नकोस."

"नाहीच विसरणार."

मग तिने विचारलं, "पेटी भरलीस का परत?"

"भरली. तयार आहे. मासे नाहीत आणले."

"मग आता कशाची वाट बघतोयस, माझ्या मुहूर्ताची?" आणि फोन ठेवला. चिडूनच ठेवला. ते बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सयाजीगंजला गेलो. दुकानदाराने या वेळी काकीचं विचारलं नाही. दोन केशरी दिले. पिशवी तासभर पाण्यावर तरंगत ठेवली, मग तिच्यात टाकीचं पाणी वाटीवाटीने घातलं, त्याने सांगितलं होतं तसं, आणि सोडले. सुटल्याबरोबर दोघे दगडामागे गेले ते बाहेर येईनात. एवढं सगळं करून दगडच बघायचे का, असं मी त्यांना म्हणालोही.

फ्रिजच्या दारात त्यांच्या खाण्याची डबी होती. टाकी आणली त्याच दिवशी तिने हट्टाने घेऊन ठेवली होती, मासे यायला दीड महिना असताना. एवढीच घाई तिने केली. डबीवरची तारीख बघितली, अजून दोन महिने होते. सील मी फोडलं, चिमूटभर पाण्यावर सोडलं. आधी मोठा बाहेर आला, त्याच्या मागून लहान.